चारशे सतराचा शेवट

नववी ब च्या मुलांनी आपल्या साहित्याच्या सरांना 'सारांश' असं नाव ठेवलं होतं आणि ते सरांना ठाऊक होतं. ठाऊक नाही असं दाखवण्यात त्यांची चोवीस वर्षं गेली होती. नाव तसं चुकीचंही नव्हतं. दरवर्षी एखादी कादंबरी अभ्यासाला असायची, पण ती उघडायची वेळ कुणावर येत नसे. सर त्यांच्या पिवळ्या पडलेल्या वहीतून सारांश सांगत, मुलं तो उतरून घेत, परीक्षेत तोच सारांश सरांकडे परत येई आणि सर त्याला गुण देत. म्हणजे नीट पाहिलं तर चोवीस वर्षं सर स्वतःचाच पेपर तपासत होते, आणि दरवर्षी बऱ्यापैकी पास होत होते.

अशा माणसाने गप्प बसावं. पण त्यांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं गेलं. तिथे एका बाईंनी तीस शिक्षकांना विचारलं, "तुम्ही शेवटची कादंबरी कधी पुरी केलीत?" तीसच्या तीस माणसं पंख्याकडे बघायला लागली. मग बाई म्हणाल्या, मुलांना त्यांची कादंबरी त्यांनाच निवडू द्या, बघा कशी वाचतात ती. सरांना ते एकदम पटलं. चाळिशी ओलांडल्यावर माणसाला काही एकदम पटलं तर घरच्यांनी जरा सावध व्हावं.

"मुलं निवडणार म्हणजे तुम्हालाही वाचावं लागणार," बायको म्हणाली.

"माझं वाचून झालेलं आहे."

"काय वाचून झालेलं आहे?"

"सगळं. म्हणजे बरंचसं."

"अहो, लग्न झाल्यापासून तुमच्या हातात वर्तमानपत्राशिवाय काही बघितलं नाही मी. त्यातलंसुद्धा मधलं पान तुम्ही पंख्यासारखं वापरता."

सरांनी मान वळवली. घरात विद्वत्तेची कदर नसते हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं.

मुख्याध्यापिका बाईंनी परवानगी दिली, पण ती देताना त्या पेन्सिलीने वेळापत्रकावर एक गोल काढत होत्या. गुरुवारचा शेवटचा तास, अवांतर वाचनाचा. तो तास गणिताचे सर दोन वर्षं मागत होते. "सहा आठवड्यांनी तपासणीला साहेब येतायत," बाई म्हणाल्या. "तोवर मुलं वाचतायत असं मला दिसलं तर तास तुमचा. नाहीतर गणिताला. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

अख्ख्या आठवड्यात हाच एक तास असा होता की ज्यात काही उतरवून घ्यायचं नसे. आजवर सरांनी तो तास वह्या तपासण्यात घालवला होता हे खरं, पण तो जाणार म्हटल्यावर त्यांना आठवलं की आपण ह्या नोकरीत आलो होतो ते मुलांना पुस्तकं वाचायला लावायला. चोवीस वर्षांत एकाही मुलाने एकही कादंबरी पुरी वाचलेली त्यांनी पाहिली नव्हती. निदान एकाने तरी वाचावी. मग खुशाल गणित शिकवा.

शाळेचं ग्रंथालय म्हणजे तीन काचेची कपाटं आणि एक ग्रंथपाल बाई. बाईंचा पुस्तकांवर जीव होता, म्हणून त्या ती कुणाला देत नसत. हाताळली की पुस्तकं झिजतात, हे त्यांनी बत्तीस वर्षांच्या अनुभवाने ओळखलं होतं. नियम असा, की आधी पुस्तक निवडायचं, मग रजिस्टरमध्ये नोंद, मग कपाट उघडणार. न उघडता निवडायचं कसं? काचेतून. नववी ब ची एकेचाळीस मुलं काचेला नाकं लावून उभी राहिली आणि बाई मागून फडक्याने वाफ पुसत फिरत राहिल्या.

काचेतून पुस्तकाचं दिसतं काय, तर जाडी. एकेचाळीसपैकी एकोणचाळीस मुलांनी खालच्या कप्प्यातली सगळ्यात बारीक कादंबरी निवडली. चाळिसाव्याने सगळ्यात जाडी निवडली, कारण तो बुटका होता आणि ती बाकावर ठेवून बसलं की फळा दिसला असता. एकेचाळिसावा म्हणाला, "परीक्षेत येणार असेल ती." बहुमताचा आदर करून ह्या दोघांचीही समजूत काढण्यात आली.

त्या बारीक कादंबरीचं मुखपृष्ठ कधीच गेलेलं होतं. लेखकाचं पान गेलेलं. उरला होता तो पाठीवरचा दाखल क्रमांक, चारशे सतरा. त्यामुळे सगळे तिला चारशे सतराच म्हणायला लागले. सरांनी पहिलं पान पाहिलं आणि ओळख पटली. एका पोस्टमनची गोष्ट. एका शिंप्याच्या बायकोला आलेलं पत्र हा गृहस्थ वीस वर्षं पोचवत नाही, टेबलाच्या खणात दडवून ठेवतो. शाळेत लागले त्या वर्षी सरांनी तिची पहिली तीस पानं वाचली होती. मग साठा तपासणीसाठी बाईंनी पुस्तक परत मागवलं आणि ते राहूनच गेलं.

"सर, तुम्ही वाचलीय?" एका पोराने विचारलं.

"कितीदा तरी," सर म्हणाले. दोन शब्द जास्त बोलल्याने माणूस किती गोत्यात येतो ह्याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती.

प्रत एक आणि वाचणारे एकेचाळीस. दुकानदार म्हणाला, लेखकाचं नाव नाही, पुस्तकाचं नाव नाही, मग मी मागवू काय? झेरॉक्स काढू म्हटलं तर ग्रंथपाल बाईंनी कपाळाला हात लावला. पुस्तक यंत्रावर उलटं दाबायचं म्हणजे त्याचा कणा मोडायचा, असं म्हणून त्यांनी सरांकडे असं पाहिलं की सरांना स्वतःच्या हातांची भीती वाटली. शेवटी सरांनी शेजाऱ्यांचा सल्ला घेतला. शेजारी निवृत्त हेडक्लार्क. निवृत्तीनंतर त्यांचं कार्यालय त्यांच्या गॅलरीतून चालत असे.

"नियम काय म्हणतो? वाचायला सात दिवस," ते म्हणाले. "आणि दुरुस्तीला?"

"दुरुस्तीला मुदत नाही."

"मग तुमचं पुस्तक आजारी आहे सर. अर्ज करा. तीन प्रतींत करा. दोन कुणी वाचत नाही, पण तिसरी नसली की पहिलीही वाचत नाहीत."

अर्ज झाला, पुस्तक दुरुस्तीला सुटलं आणि सरांना ते खरोखरच बाइंडरकडे न्यावं लागलं, कारण खोटं बोलणं त्यांना जमत नसे असा त्यांचा स्वतःबद्दल समज होता. शाळेमागच्या बोळात बाइंडरची खोली. खळीचा वास, दाभणं, दोऱ्याची रिळं. त्याने पुस्तक हातात घेतलं, दोन दोरे कापले, आणि बघता बघता चारशे सतराचे सोळा सोळा पानांचे आठ जुडगे टेबलावर मांडून ठेवले.

"हे फर्मे," तो म्हणाला. "असे आठ शिवले की झालं पुस्तक. पण हातातलं काम उरकल्यावर. सव्वा महिना धरा."

सर त्या आठ फर्म्यांकडे बघत राहिले. एकेचाळीस मुलं, आठ गट, प्रत्येकाला एक फर्मा. दर गुरुवारी फर्मे पुढे सरकवायचे. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला काहीतरी सुचलं आहे असं त्यांना वाटलं, आणि त्या आनंदात ते आठही फर्मे पिशवीत घालून थेट वर्गात गेले. स्वतः वाचून मग वाटावेत, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा वाटून झाले होते. आता मुलांकडे मागायचे तरी कसे? कितीदा तरी वाचलेल्या माणसाने? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून सर गप्प बसले.

पहिल्याच गुरुवारी कळलं की वर्गात आठ कादंबऱ्या चालू झाल्या आहेत. पहिल्या गटाला पोस्टमन देवमाणूस वाटत होता. पाचव्या गटात तो दुसऱ्याच्या खणात हात घालत होता, म्हणून तो गट त्याला चोर म्हणत होता. चौथ्या गटाने विचारलं, "सर, आमच्यात ती बाई पहिल्याच ओळीत रडतेय. का?" सरांना काय ठाऊक? ते म्हणाले, "हेच तर शोधायचं." मुलांना वाटलं ही शिकवण्याची नवी पद्धत आहे. पद्धत कसली, बिचाऱ्याचा नाइलाज होता.

मग स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांनी न विचारता हिशेब करून दिला. "आठ फर्मे, आठवड्याला एक, आणि तपासणीला उरले पाच आठवडे. बसत नाही. तुमच्या तासात बसत नाही, आणि माझ्या तासात तर मी बसू देणार नाही."

पण मुलांनी ते परस्पर बसवलं. मधल्या सुट्टीत देवाणघेवाण सुरू झाली. दोन नंबर दे, सहा नंबर घे. तीन नंबरला भाव आला, कारण त्यात शिंपी घर सोडून जातो. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या फर्म्यावर तेलाचा डाग पडला. चौथा कुणाच्या तरी मावशीने वाचायला ठेवून घेतला आणि मावशी परगावी गेली. सहावा पाण्याच्या बाटलीखाली सापडला. रोज सकाळी ग्रंथपाल बाई जिन्यात गाठून विचारत, "काय म्हणते दुरुस्ती?" आणि सर म्हणत, "सुधारणा आहे." शेवटी सरांनी तो जिनाच सोडला. पलीकडच्या जिन्याने जायला चाळीस पायऱ्या जास्त होत्या आणि तिथे भूगोलाच्या बाई भेटत, त्या वेगळं दुखणं.

तिसरा फर्मा गणिताच्या तासाला बाकाखाली पकडला गेला आणि जप्त झाला. सर तो मागायला गेले.

"शिस्तीचा प्रश्न आहे, असा कसा देऊ?" गणिताचे सर म्हणाले. मग दाराकडे बघून आवाज उतरवला. "तो शिंपी परत येतो का हो?"

"तुम्ही वाचलंत?"

"छे. चाळलं. पुरावा म्हणून. चौथा फर्मा कुठे मिळेल? पुराव्याला सलगपणा पाहिजे."

सरांनी हे सगळं घरी सांगितलं आणि डोक्याला हात लावून बसले. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच, असं ते म्हणाले. पुस्तकाची लक्तरं झाली, वर्गात भांडणं लागली, आणि एका मुलानेही धड कादंबरी म्हणून काही वाचलं नाही. बायकोने विचारलं, "पण शेवटी तो पत्र देतो का?"

"सांगितलं तर मजा काय?" सर म्हणाले. हे उत्तर आता त्यांच्या जिभेवर बसलं होतं. कारण वर्गात पाय ठेवला की तोच एक प्रश्न एकेचाळीस तोंडांनी येत असे. सर, पत्र देतो का? आठव्या फर्म्याचा गट काही बोलत नव्हता. त्या गटात हजेरीची मॉनिटर होती. सगळ्या गोष्टींच्या याद्या करते म्हणून तिला सगळे 'रजिस्टर' म्हणत. शेवट सांगायचा नाही असं तिने गटाकडून लिहून घेतलं होतं म्हणे, सह्यांसकट. सर रोज तिच्या दप्तराकडे आशाळभूतपणे बघत आणि पुढे जात.

तपासणीचा दिवस गुरुवारच निघाला. साहेब मागच्या बाकावर बसले, शेजारी मुख्याध्यापिका. "हं, काय वाचलंत?" साहेबांनी प्रेमाने विचारलं. "गोष्ट सांगा बघू."

इथे एखाद्याने उभं राहून सारांश म्हणायला हवा होता. चोवीस वर्षं तेच होत आलं होतं आणि चोवीस वर्षं साहेब लोक खूश होऊन गेले होते. पण पहिल्या गटाचा मुलगा म्हणाला, पोस्टमन चांगला होता. पाचव्या गटाची मुलगी म्हणाली, चांगला माणूस दुसऱ्याचं पत्र वीस वर्षं दाबून ठेवत नाही. तिसऱ्या गटाने विचारलं, मग शिंपी गेला त्याचं काय? सहावा गट म्हणाला, तुम्ही आमचा फर्मा वाचलाच नाही तर बोलता कशाला? मग सगळेच बोलायला लागले. बाकं सरकली, एकाने दुसऱ्याच्या कंपासपेटीवर मूठ आपटली. बुटका मुलगा बाकावर उभा राहून ओरडत होता की शिंप्याच्या बायकोने आधी विचारायला पाहिजे होतं, तिने आधी विचारायला पाहिजे होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांना वाटत होतं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"तुम्हीच सांगा," साहेब सरांना म्हणाले. "शेवटी पत्र देतो की नाही?"

एकेचाळीस माना सरांकडे वळल्या. रजिस्टरचीही वळली, आणि ती डोळ्याची पापणी न हलवता बघत होती.

"शेवट," सर म्हणाले, "ज्याचा त्याने ठरवायचा असतो."

साहेबांनी वहीत लिहिलं, 'शेवट ठरलेला नाही.'

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा तेवढ्यात दरवाजा उघडला. साठा तपासणीही त्याच आठवड्यात होती. साठ्याचं रजिस्टर छातीशी धरून ग्रंथपाल बाई दारात उभ्या होत्या, आणि समोर पहिल्या बाकावर चारशे सतराचा पहिला फर्मा पडला होता. बाई काही ओरडल्या नाहीत. त्या हळूच पुढे आल्या, तो फर्मा उचलला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "हे दुरुस्तीला होतं ना, सर?" ह्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

मुख्याध्यापिका बाईंनी सगळे फर्मे जमा करायला लावले. मावशी सुदैवाने परत आल्या होत्या. तिसरा गणिताच्या सरांच्या ड्रॉवरमधून आला, आणि त्याच्यात खूण म्हणून बसचं तिकीट निघालं. ते सगळ्यांनी पाहिलं. सात जमले. आठवा नव्हता.

"हरवला, मॅडम," रजिस्टर उभी राहून म्हणाली.

त्याच दिवशी संध्याकाळी वेळापत्रकावर पेन्सिलीच्या गोलात शाईने 'गणित' असं लिहिलं गेलं. बाइंडरने सात फर्मे शिवून दिले. ग्रंथपाल बाईंनी पहिल्या पानावर 'अपूर्ण, रद्द' असा शिक्का मारला आणि पुस्तक सरांच्या हातात ठेवलं. रद्द पुस्तक कपाटात ठेवता येत नाही, असा नियम होता. बत्तीस वर्षांत बाईंनी कुणाला कायमचं दिलेलं ते पहिलं पुस्तक.

रविवारी दुपारी सर ते घेऊन बसले. खरं तर ते त्या पुस्तकाकडे रागाने बघायला बसले होते. पहिली तीस पानं आठवत होती, म्हणून एकतिसावं उघडलं. चहा आला आणि निवला. शिंपी घर सोडून गेला तेव्हा सरांनी पाय वर घेतले. ती बाई का रडते ते त्यांना कळलं आणि मग काही वेळ त्यांना पान दिसेना. चष्मा पुसून ते पुढे वाचत गेले. एकशे बाराव्या पानावर पोस्टमन वीस वर्षांनी ते पत्र खिशात घालून तिच्या दारात उभा राहतो, कडीला हात घालतो, आणि पान संपतं. पुढे बाइंडरने लावलेला कोरा पुठ्ठा.

"काय झालं?" बायकोने विचारलं. ती दाराशी केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"दारात उभा आहे."

"मग?"

"मग पुठ्ठा आहे."

बायकोने पुस्तक घेतलं आणि ती स्वयंपाकघरात वाचत बसली. संध्याकाळी ती बाहेर आली आणि म्हणाली, "सांगा ना आता. तुम्ही तर कितीदा तरी वाचलीय ना?" तिला सगळं समजलेलं होतं. बायकांना हे असं कळतं आणि त्या ते अशा वेळी विचारतात. सरांना रात्रभर डोळ्यापुढे ती कडी दिसत राहिली.

गुरुवारी शेवटच्या तासाला सर नववी ब च्या वर्गावरून गेले. आत गणिताचे सर फळ्यावर समीकरण लिहीत होते आणि वर्ग इतका शांत होता की सर चालता चालता थांबले. आपल्या तासाला कधी इतके शांत बसले नाहीत. मग त्यांनी खिडकीतून नीट पाहिलं. दुसऱ्या रांगेत एक पोरगा मान खाली घालून बाकाखाली काहीतरी वाचत होता. सोळा पानांचं. गणिताच्या सरांनी मागे वळून पाहिलं, त्यांना ते दिसलं, आणि ते पुन्हा फळ्याकडे वळले.

तास सुटल्यावर सरांनी रजिस्टरला व्हरांड्यात गाठलं. "आठवा हरवला नाही."

"नाही सर." ती घाबरली नाही. "दिला असता तर कपाटात गेला असता. मग परत काचेतूनच बघायचं. सगळ्यांचा वाचून झाला की देणार आहोत. यादी आहे."

तिने वही उघडली. आखलेल्या रकान्यांत नावं होती, प्रत्येकापुढे तारीख. एकाला एक दिवस, सुट्टीचे धरायचे नाहीत. नवव्या क्रमांकावर गणिताचे सर होते. तेविसाव्यावर मुख्याध्यापिका. "मॅडमनी कुणाला सांगू नको म्हटलंय." एकतिसाव्यावर ग्रंथपाल बाई, आणि त्यांनी आपली सही स्वतः येऊन केली होती. चव्वेचाळिसाव्यावर बाइंडर. सरांनी बोट फिरवत पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माझं नाव नाही."

"तुमचं कशाला सर? तुम्ही कितीदा तरी वाचलीय."

सरांनी व्हरांड्याच्या ह्या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. पंख्याकडे बघावं तर व्हरांड्यात पंखा नव्हता. नववी ब दप्तरं घेऊन बाहेर पडत होती.

"मी ती वाचलेली नाही," सर म्हणाले. "शेवट मला माहीत नाही."

रजिस्टर हसली नाही. तिने टोपण काढलं, रकान्यात सेहेचाळीस हा आकडा घातला आणि पुढे सरांचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. मग तारीख मोजली. ती आठ आठवड्यांनंतरची आली. सरांचा चेहरा बघून तिला दया आली असावी.

"थांबवत नसेल तर सारांश सांगू का, सर? दोन ओळींत होतो."

"नको," सर इतक्या जोरात म्हणाले की दारातून बाहेर येणारी मुलं जागच्या जागी थबकली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "थांबेन मी. आणि सत्तेचाळीसला आमच्या घरच्यांचं लिही."